प्रौढांची शरीरशाळा : महाराष्ट्रातील आरोग्यशिक्षणाची दोन शतके

शाळकरी मुलांना शरीराची माहिती देणे आणि संसारात मुरलेल्या, कष्टकरी, पुष्कळदा निरक्षर असलेल्या माणसाला त्याच्याच देहाचे शास्त्र शिकविणे ही दोन वेगळी कामे आहेत. मुलाच्या मनात शरीराविषयीच्या कल्पना अजून रुजायच्या असतात. प्रौढाने मात्र दुखणी काढलेली असतात, घरातली बाळंतपणे पाहिलेली असतात आणि उष्ण-थंड, वात, बाधा, नजर, अंगात येणे अशा कल्पनांची एक सुसंगत मांडणी त्याच्याजवळ आधीपासून असते. प्रौढशिक्षण म्हणजे शाळेचे वय उलटून गेलेल्या व्यक्तींसाठी, त्यांच्या कामधंद्याच्या वेळा सांभाळून चालविलेले शिक्षण. त्यात आरोग्य आणि मानवी शरीर हे विषय आले की, काय शिकवावे या प्रश्नाबरोबरच शरीराविषयी जाणण्याचा अधिकार कोणाचा, ते ज्ञान कोणत्या भाषेत द्यायचे आणि कोणत्या कामापुरते द्यायचे, हेही प्रश्न उभे राहतात. महाराष्ट्रात या प्रश्नांना गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. जेथे शिकणाऱ्याचा अनुभव जमेस धरला गेला तेथे हे शिक्षण रुजले, आणि जेथे ते हुकूम, नोकरी किंवा अक्षरओळख यांच्या दावणीला बांधले गेले तेथे खुंटले, असे या इतिहासाकडे पाहता म्हणता येते.

भाषा आणि पेशा

पाश्चात्त्य शरीरशास्त्र मराठीतून शिकविण्याचा पहिला संघटित प्रयत्न मुंबईत १८२६ मध्ये झाला. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली सरकारने देशी लोकांसाठी एक वैद्यकशाळा काढली. तिचा हेतू मर्यादित होता. लष्कराला आणि मुलकी दवाखान्यांना युरोपीय डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारे देशी मदतनीस हवे होते, आणि ते थोड्या खर्चात तयार व्हावेत एवढीच अपेक्षा होती. तथापि अध्यापन देशी भाषांतून करावयाचे असल्याने मॅक्लेनन यांना वैद्यकीय मजकूर मराठीत आणण्याचे काम हाती घ्यावे लागले, आणि हाडे, स्नायू, रक्ताभिसरण, म्हणजे हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून परत हृदयाकडे येण्याची क्रिया, यांविषयी मराठी गद्यात लिहिण्याची गरज प्रथमच निर्माण झाली. ही शाळा १८३२ मध्ये बंद करण्यात आली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांच्या कारकिर्दीत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे कर्तबगार पदवीधर या महाविद्यालयाच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. परंतु ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यापुरते शरीरशास्त्राचे दार लावले गेले.

ते दार १८६१ मध्ये थोडे किलकिले झाले. दवाखान्यांतील दुय्यम जागांसाठी, म्हणजे हॉस्पिटल असिस्टंट या पदासाठी, ग्रँट मेडिकल कॉलेजातच मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग उघडले गेले. १८७८ मध्ये पुण्यात बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने वैद्यकशाळा निघाली आणि मराठी वर्गाचे काम तिकडे गेले. हीच संस्था १९४६ मध्ये पूर्ण महाविद्यालय झाली. मराठी वर्गाचे महत्त्व त्यातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येहून अधिक आहे, कारण या वर्गासाठी तयार झालेली भाषा वर्गाबाहेरच्या वाचकांनाही उपयोगी पडली. या वर्गात शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी ‘विवाहविज्ञान’ हे पुस्तक लिहून प्रजोत्पादनाच्या शास्त्राची माहिती सामान्य मराठी वाचकापुढे ठेवली. डॉक्टर होऊ न पाहणाऱ्या प्रौढ माणसालाही आपल्या देहाचे व्यवहार समजून घ्यावयाचे असतात, ही जाणीव या लेखनामागे होती, आणि शतकाच्या उत्तरार्धात तिला इतर वाटांनीही पाठबळ मिळत गेले.

व्यासपीठे, वर्ग आणि सक्ती

१८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ज्ञानप्रसारासाठी सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा असे होते आणि १८५० पासून निघणारे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक तिचे मुखपत्र होते. शास्त्रीय विषयांवर निबंध वाचावेत, ते छापावेत आणि ज्यांचे शिक्षण संपले आहे अशांनी ते वाचावेत, ही या मासिकाची रीत होती. पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने हीच रीत वाचनाकडून श्रवणाकडे नेली. मात्र ही दोन्ही व्यासपीठे शहरी, साक्षर आणि बहुतांशी उच्चवर्णीय पुरुषांची होती. त्यांच्या पलीकडचा विद्यार्थी प्रथम महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८५५ मध्ये शेतकरी व मजूर यांच्यासाठी काढलेल्या रात्रशाळेत दिसतो. तेथे शिकविले जाई ते मुख्यतः लिहिणे-वाचणे. पण दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री शिकविता येते, आणि वय, जात किंवा श्रम हे त्याला अज्ञानी ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, हा पुढील सर्व प्रौढशिक्षणाचा पाया या शाळेने घातला.

हा पाया किती अरुंद राहिला होता ते १८९६-९७ च्या प्लेगने उघडे केले. मुंबईत १८९६ मध्ये सुरू झालेली साथ पुण्यात पसरली तेव्हा वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या घेतल्या गेल्या, रोग्यांना घरातून उचलून नेले गेले, सामानसुमान बाहेर काढून जाळले गेले. रोग का पसरतो, वेगळे का ठेवायचे, उंदीर मरू लागले की घर का सोडायचे, हे कोणी समजावून सांगितले नाही. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु लस म्हणजे काय आणि ती टोचल्यावर शरीरात काय घडते याची लोकांना कल्पना नसल्याने तिच्याविषयी संशयच अधिक पसरला. रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी प्राणघातक हल्ला झाला त्याची कारणे राजकीय आणि धार्मिकही होती, तरी लोकांना अंधारात ठेवून आरोग्याचे नियम लादले की औषधापेक्षा दहशतच मोठी ठरते, हा धडा या घटनेत आहेच. त्याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच वर्षात, एकाच शहरात सार्वजनिक आरोग्याची ही दोन रूपे समोरासमोर उभी होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी या विषयातील पुढाकार प्रामुख्याने स्त्रियांच्या संस्थांनी घेतला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या नेतृत्वाखाली प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालविले. त्यांत अक्षरओळख आणि शिवणकाम यांच्या जोडीला शुश्रूषा, म्हणजे रोग्याची शास्त्रोक्त देखभाल, आणि प्रथमोपचार हे विषय आले. सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या, तर काही जणी वैद्यकशाळेत दाखल झाल्या. या स्त्रियांत विधवांचा भरणा मोठा होता, आणि परक्या पुरुषाच्या देहाला हात लावावा लागणारे काम कुलीन घरातील स्त्रीने करावे की नाही, यावर त्या काळी बरीच खळखळ झाली. तरीही परिचारिकेचा पेशा मराठी मध्यमवर्गात प्रतिष्ठित होण्यास येथूनच प्रारंभ झाला. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठानेही मातृभाषेतून शिक्षण देताना गृहव्यवस्था आणि आरोग्यशास्त्र या विषयांना अभ्यासक्रमात स्थान दिले. या दोन्ही ठिकाणी एक मर्यादा समान होती. स्त्रीला शरीराचे ज्ञान द्यावयाचे ते ती चांगली माता, गृहिणी किंवा परिचारिका व्हावी म्हणून, आणि तिचा स्वतःचा देह हा तिच्या जिज्ञासेचा विषय होऊ शकतो ही कल्पना अद्याप दूर होती.

ती कल्पना निर्भीडपणे मांडली ती धोंडो केशवांचे पुत्र, गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, ‘संततिनियमन’ हे पुस्तक लिहिले आणि या कार्यापायी प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी पदरमोड करून चालविले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निधन होईपर्यंत त्यात खंड पडू दिला नाही. या मासिकाकडे सहसा लैंगिक सुधारणेचे मुखपत्र म्हणून पाहिले जाते. शिक्षणाच्या इतिहासात मात्र ते टपालाने चालणारा प्रौढांचा वर्ग होते असे म्हणावे लागते. वाचक आपल्या देहाविषयीच्या शंका, ज्या घरात, मित्रांत किंवा डॉक्टरांपुढेही बोलण्याची सोय नव्हती, पत्राने कळवीत, आणि कर्वे त्यांची उत्तरे कोरड्या, नेमक्या, नीतीचा उपदेश टाळणाऱ्या भाषेत छापीत. याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना शंका आहेत, त्या शास्त्रीय विषयाच्या आहेत, आणि विषय लैंगिक आहे एवढ्याने त्यांना उत्तर देणे गुन्हा ठरत नाही, असा बचाव न्यायालयापुढे करण्यात आला. खटल्यात कर्वे यांना दंड झाला. प्रौढ नागरिकाने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याबद्दल संपादकास शिक्षा व्हावी, यावरून शरीरज्ञानाच्या अधिकाराचा लढा किती कठीण होता ते कळते.

कीर्तनापासून समाजशिक्षणापर्यंत

शहरांत हे चालले असताना खेड्यांत आरोग्याचे लोकशिक्षण निराळ्या परंपरेतून होत होते. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडीत, आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे; ते श्रोत्यांना विचारीत आणि हजारो लोक एका आवाजात उत्तर देत, त्यामुळे अस्वच्छता, व्यसन, नवस आणि पशुबळी यांविषयीचा निष्कर्ष श्रोत्याच्याच तोंडून बाहेर पडे. अध्यापनशास्त्रात ज्याला सहभागी पद्धती म्हणतात, म्हणजे शिकणाऱ्याने ऐकून न घेता स्वतः विचार करून उत्तर द्यावे अशी रीत, ती येथे कोणतेही पाठ्यपुस्तक न वापरता अवतरली होती. विदर्भात तुकडोजीमहाराजांनी ‘ग्रामगीता’ या ग्रंथात गावाची स्वच्छता आणि आरोग्य यांवर विस्ताराने लिहिले, आणि तेथूनच जवळ सेवाग्रामला गांधीजींनी १९३७ मध्ये मांडलेली नई तालीम, म्हणजे उत्पादक कामातून शिक्षण देण्याची योजना, १९४५ पर्यंत प्रौढशिक्षणापर्यंत विस्तारली गेली. सफाई, मैला-कचऱ्याची विल्हेवाट आणि आहार हे विषय तिच्यात केंद्रस्थानी होते. या साऱ्यांत एक उणीव मात्र राहिली. स्वच्छतेचा आचार शिकविला गेला. पण देहाच्या आत काय चालते, जुलाबाने मूल का दगावते, गरोदरपणात रक्त का कमी होते, हा विचार मागेच राहिला.

सरकारी पातळीवर १९३९ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षण समिती नेमली गेली आणि गिरणगावातील चाळींतून साक्षरतेचे वर्ग चालू लागले. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या काळात ‘समाजशिक्षण’ ही अधिक व्यापक कल्पना पुढे आली. तिच्यात साक्षरतेबरोबर आरोग्याचे नियम, आर्थिक उन्नती, नागरिकत्वाची जाण आणि निकोप करमणूक यांचा समावेश होता, आणि मुंबईच्या समितीचे नावही त्यानुसार बदलले. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावच्या गाव साक्षर करण्याचे ध्येय ठेवले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. या मोहिमांनी लोकांमध्ये उत्साह निर्माण केला हे खरे, पण आरोग्याचा भाग वाचनपाठांतील चार-दोन धड्यांत उरकला गेला. पाणी उकळून प्यावे, नखे कापावीत, लस टोचून घ्यावी, अशी आज्ञार्थी वाक्ये अक्षरे गिरविण्यासाठी वापरली गेली, आणि कारणे समजावून देण्याऐवजी आज्ञा देणे हीच आरोग्यशिक्षणाची रीत सरकारी अंगवळणी पडली. शिवाय आधी साक्षरता आणि मग ज्ञान, ही पायरी येथे गृहीत धरली गेली. ती खोटी ठरण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले.

जामखेडचा वर्ग

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड हा दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्या भागात जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. आरंभी गावोगाव प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा विचार होता. पण शहराकडून आलेल्या तरुण परिचारिका खेड्यात राहण्यास नाखूश असत आणि गावातील बायका त्यांच्यापुढे मन मोकळे करीत नसत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिलाच शिकवावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या स्त्रिया बहुधा मध्यमवयीन, शेतमजुरी करणाऱ्या होत्या. त्यांतील अनेक दलित होत्या, अनेक परित्यक्ता किंवा विधवा होत्या आणि निरक्षर स्त्रियांचे प्रमाण मोठे होते.

या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत आणि तेथेच मुक्काम करीत. एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत आणि शेजारी-शेजारी अंथरूण हाही अभ्यासक्रमाचाच भाग होता, कारण सवर्ण आणि दलित स्त्रियांनी एकमेकींच्या हातचे खाल्ल्यावाचून पुढे गावात कोणाच्या घरात शिरून बाळंतिणीला हात लावणे त्यांना शक्य झाले नसते. दिवसाची सुरुवात मागच्या आठवड्याच्या हकिकतींनी होई. गावात कोणते मूल आजारी पडले, काय केले, काय जमले नाही, हे प्रत्येकीने सांगायचे आणि त्यातूनच त्या दिवसाचा पाठ उभा राहायचा. पाठासाठी चित्रपट्ट्या आणि गाणी वापरली जात, आणि गावी परतल्यावर तोच पाठ महिला मंडळात पुन्हा सांगितला जाई.

शिकविण्याची खरी कसोटी लागे ती जुन्या समजुतींपाशी. गरोदरपणी बाईने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपे जाते, हा समज त्या भागात दृढ होता. जिने अडलेली बाळंतपणे डोळ्यांनी पाहिली आहेत आणि जिला दवाखाना कोसो दूर आहे, तिच्या दृष्टीने तो अडाणीपणा नव्हता, तर हिशेबीपणा होता. त्यामुळे समज चुकीचा आहे एवढे सांगून भागत नसे. अशक्त आईची मुले पुढे कशी राहतात, कोणती जगतात आणि कोणती तग धरत नाहीत, हे गावातल्याच उदाहरणांवरून मांडावे लागे, आणि अडलेल्या बाईला वेळेवर हलविण्याची सोय खरोखर उभी करावी लागे. मगच आहाराचा पाठ गळी उतरे. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडण्याची रीतही अशीच होती. शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने मूल सुकते, याला निर्जलीकरण म्हणतात, ही गोष्ट सुकत चाललेल्या मुलाची टाळू खोल गेलेली आणि त्वचेची चिमटी तशीच राहिलेली दाखवून शिकविली जाई, आणि त्यानंतर मीठ-साखरेचे पाणी घरच्या घरी करण्याचा पाठ होई. कारण आणि कृती यांची सांगड एकदा बसली की, तीच स्त्री आपल्या गावातील दहा जणींना ते शिकवू शके.

१९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची, म्हणजे लोकांच्या दाराशी आणि लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या मूलभूत सेवेची, घोषणा केली होती. जामखेडमधील बालमृत्यूचे प्रमाण पुढील दोन दशकांत झपाट्याने उतरले. याच काळात वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी आणि रायगड जिल्ह्यातील मांडवा येथे डॉ. नोशीर अंटिया यांनी स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देण्याचे प्रयोग केले. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावागावांत आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली, तिच्यात तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन होते. परंतु निवड पुष्कळ ठिकाणी पुढाऱ्यांच्या मर्जीने झाली, बहुतांश जागी पुरुष नेमले गेले, आणि जामखेडचा आठवड्यामागून आठवडा वर्षानुवर्षे चालणारा वर्ग तीन महिन्यांत गुंडाळला गेला. योजना पसरली; तिच्यातील शिक्षण मात्र विरळ झाले. बरोबर एक वर्षाने, २ ऑक्टोबर १९७८ रोजी, राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. आरोग्य आणि प्रौढशिक्षण ही दोन खाती आपापल्या वाटेने चालली आणि दोहोंचा विद्यार्थी एकच आहे याचा विसर पडला. हा दुवा ओळखणाऱ्यांत शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक अग्रगण्य होते. पर्यायी आरोग्यनीतीची मांडणी करणारा ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा अहवाल १९८१ मध्ये पुण्याच्या भारतीय शिक्षणसंस्थेने प्रसिद्ध केला, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

गडचिरोली : मोजण्याचे शिक्षण

जामखेडने निरक्षर स्त्रीला कारणे समजतात हे दाखविले. ती शास्त्रीय मोजमाप करू शकते हे गडचिरोलीने दाखविले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी होती, आणि त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास यांबद्दल बायका आपसांत बोलत, पण ते दुखणे म्हणून दवाखान्यात सांगण्याचे नाही अशी समजूत होती. अशा वेळी गावातील दाया आणि अनुभवी बायका काय मानतात, कोणत्या लक्षणाला काय म्हणतात, हे आधी त्यांच्याकडून शिकून घ्यावे लागले आणि मग आरोग्यशिक्षण उभे करता आले. शिक्षक आधी विद्यार्थी झाला, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

लहान मुलांतील न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, ओळखण्याचे काम याहून अवघड होते. तो ओळखण्याची साधी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक आणि त्याहून मोठ्या मुलाचे ५० किंवा अधिक झाले तर धोका समजावा, असा तेथील निकष होता. परंतु निरक्षर दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि तिच्याजवळ घड्याळही नव्हते. तेव्हा एक श्वासमापक तयार करण्यात आला. लाकडी चौकटीत एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेवर ओवलेले मणी, दोन वयोगटांसाठी दोन निरनिराळ्या ओळी, असे त्याचे रूप होते. घटिका उलटी करायची, बाळाच्या पोटाची हालचाल पाहत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा, पुन्हा दहा मोजायचे आणि पुढचा मणी सरकवायचा; वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. दहापर्यंत मोजता येणे एवढेच भांडवल येथे पुरे होते. साक्षरतेची पायरी ओलांडल्यावाचून शरीरशास्त्र शिकता येत नाही, या सरकारी गृहीतकाला या मण्यांच्या चौकटीने सप्रमाण उत्तर दिले.

पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीसाठी गावातील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण मिळाले. बाळाला झोळीत घालून वजन करणे, तापमान पाहणे, थंडावलेल्या बाळाला ऊब देणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही डॉक्टरांच्या मक्तेदारीतील मानली गेलेली कामे त्या करू लागल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे यश केवळ औषधाचे नव्हते. लक्षण पाहायचे, मोजायचे, नोंदवायचे आणि निर्णय घ्यायचा, हा शास्त्राचा क्रम प्रौढ स्त्रीच्या हाती आला, त्याचे ते फळ होते.

आजची स्थिती

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ स्वयंसेविकांची योजना आणली आणि गडचिरोलीची नवजात बालसेवा २०११ पासून त्यांच्या कामाचा भाग झाली. महाराष्ट्रात आज सुमारे ७०,००० आशा काम करतात, म्हणजे प्रौढ स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देणारा एवढा मोठा उपक्रम या राज्याने पूर्वी पाहिला नव्हता. पण पहिल्या वर्षात पाच टप्प्यांत मिळून २३ दिवसांच्या प्रशिक्षणानंतर त्यांचा दिवस सर्वेक्षणे, नोंदवह्या आणि मोबाइलवरील माहिती भरणे यांत जातो, आणि मोबदला कामागणिक मोजला जात असल्याने ज्या कामाला दर नाही ते मागे पडते. गावातील बायकांना गोळा करून शरीराविषयी निवांत बोलणे हे अशाच कामांपैकी एक आहे. दुसऱ्या बाजूला, १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने रुग्णसहायक, आरोग्यमित्र यांसारखे अभ्यासक्रम मराठीतून उघडले. औपचारिक शिक्षण अर्धवट सुटलेल्या माणसाला आरोग्यशास्त्राच्या वर्गात येण्याची ही मोलाची सोय आहे, तथापि बहुतेक विद्यार्थी त्याकडे नोकरीची पात्रता म्हणूनच पाहतात.

दोन शतकांचा हा आढावा घेता एक सातत्य ठळकपणे जाणवते. १८२६ च्या शाळेला लष्करी मदतनीस हवे होते, १८६१ च्या वर्गाला हॉस्पिटल असिस्टंट, महिला विद्यापीठाला सुगृहिणी, १९७७ च्या योजनेला आरोग्यरक्षक आणि आजच्या अभियानाला आशा. प्रौढ व्यक्तीला शरीरशास्त्र शिकविले गेले ते बहुधा कोणाच्या तरी कामासाठी, आणि काम सरले की शिक्षणही सरले. ज्याला कोणतेही पद नको, फक्त आपला मधुमेह, आपली पाळी, आपल्या बापाचा पक्षाघात समजून घ्यायचा आहे, अशा माणसासाठी वर्ग काढला तो ‘समाजस्वास्थ्य’च्या संपादकाने आणि जामखेडच्या महिला मंडळांनी, सरकारने किंवा विद्यापीठांनी तो सलगपणे चालविला नाही. तालुक्याचे ग्रंथालय, बचतगटाची मासिक बैठक आणि ग्रामीण रुग्णालयाची ओसरी या तिन्ही जागा महाराष्ट्रात आधीच अस्तित्वात आहेत. तेथे आठवड्यातून एकदा, मराठीतून, प्रश्न विचारणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून मानवी शरीराचा वर्ग भरविण्यासाठी नव्या इमारतीची किंवा नव्या पदाची गरज नाही. शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांनी एकत्र बसून हे काम आपले मानणे, एवढेच बाकी आहे.